सोलापूरचा मुलगा दोन वर्षं किसुमूला : मिशनरी सेवेतला रोजचा दिवस आणि इथली तयारी

होटगीरोड
आमच्या मंडळीतला, म्हणजे चर्चमधला, तेवीस वर्षांचा एक मुलगा येत्या जानेवारीत केनियातल्या किसुमूला निघतोय. दोन वर्षांची सेवा आहे. तिथल्या मंडळीनंच बोलावलंय. काम म्हणजे तरुणांचा गट, रविवारची शाळा आणि आठवड्यातले तीन दिवस शाळेत गणित शिकवणं. पोरगं शहाणं आहे, इंजिनिअरिंग झालंय, पण सोलापूर-पुण्याबाहेर राहिलेलं नाही. निरोप, हार, प्रार्थना हे आम्ही करूच. मला विचारायचंय ते वेगळं आहे. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत त्याच्यासमोर काय काय येणार, आणि आत्ता इथं काय केलं तर तिथं त्याचं अडणार नाही? नेमकं ठाऊक असणाऱ्यांनी सविस्तर लिहा. देव सांभाळेल यावर माझाही विश्वास आहे, पण मच्छरदाणी आपल्यालाच विकत घ्यावी लागणार.

कागदवाला
जानेवारी म्हणजे जवळच आलाय की ओ. कागद आधी हातात घ्या.

पासपोर्टची मुदत निघताना किमान तीन वर्षं शिल्लक असू द्या, कोरी पानंही बघून घ्या. मग नाव तपासा. आपल्याकडं गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं, कुठं आईचंही. पासपोर्टात आडनावाचा रकाना वेगळा, आणि पुढच्या रकान्यात कुणी वडिलांचं नाव घालतं, कुणी घालत नाही. परदेशातल्या कारकुनाला ही दोन वेगळी माणसं वाटतात. त्यामुळं दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं इंग्रजी प्रतिज्ञापत्र नोटरी करून मूळ प्रतीसह बरोबर द्या. तिकीट मात्र पासपोर्टवर जसं नाव आहे तसंच, अक्षर न अक्षर.

पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेट काढा. मुलांमध्ये काम करणाऱ्याकडून ते मागितलं जातं, आणि मागायलाच हवं. अर्ज पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावर, फी ५०० रुपये. २०२२ पासून पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रांतही हे काम होतं, म्हणजे आपल्या मुख्य पोस्टात चौकशी करा, पुण्याची फेरी वाचेल. शिक्षणासाठी तो पुण्यात राहिला असेल तर तिथला पत्ता लपवू नका, पडताळणीत अर्ज परत येतो.

आता मुख्य गोष्ट. जानेवारी २०२४ पासून केनियात शिरायला व्हिसाऐवजी ईटीए, म्हणजे प्रवासाची ऑनलाइन पूर्वपरवानगी, लागतो, तो घरबसल्या मिळतो. पण ती फक्त भेटीची परवानगी आहे. धार्मिक किंवा सेवाभावी संस्थेत काम करणाऱ्यासाठी 'क्लास आय' परमिट असतं, आणि त्याचा अर्ज बोलावणाऱ्या संस्थेनं तिथल्या इमिग्रेशन खात्याकडं करायचा असतो. "आधी या, परमिट नंतर बघू" असं प्रेमानं सांगितलं जातं. ते ऐकू नका. पगार नसला तरी काम ते कामच, आणि परमिटाविना शाळेत उभं राहिलं की दंड, परत पाठवणी आणि बोलावणाऱ्या मंडळीच्या नावाला बट्टा. तिथं नोंदलेली संस्था कोणती, तिचा नोंदणी क्रमांक काय, अर्ज कधी भरला, हे तीन प्रश्न आजच ईमेलनं विचारा. नव्वद दिवसांपेक्षा जास्त राहणाऱ्याला परदेशी नागरिकाचं कार्डही काढावं लागतं.

गोळीपाणी
कागदवाल्यांनी एक कागद सोडला: पिवळं कार्ड, म्हणजे पिवळ्या तापाच्या लशीचा दाखला. पिवळ्या तापाच्या लशीबद्दल नेहमी गैरसमज होतो. "भारतातून जाणाऱ्याला केनिया मागत नाही, मग कशाला टोचायची?" असं लोक म्हणतात. केनिया नाही मागत, पण परत येताना भारत मागतो. पिवळ्या तापाच्या देशातून आलेल्याकडं वैध कार्ड नसेल तर विमानतळावरून थेट विलगीकरणात, सहा दिवसांपर्यंत. घरात कुणी आजारी पडलं म्हणून धावत यायचं आणि मुंबईत अडकून बसायचं, असं होऊ देऊ नका. शिवाय तो ताप तिथं खरोखर आहे. लस टोचल्यावर दहा दिवसांनी कार्ड लागू होतं. जुलै २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं. ही लस फक्त मान्यताप्राप्त केंद्रातच मिळते, यादी आरोग्य मंत्रालयाकडं असते. ठराविक वारी बोलावतात, म्हणून महिनाभर आधी फोन करा. अंड्याची तीव्र ॲलर्जी किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना सांगा.

मलेरिया हा किसुमूचा मोठा विषय आहे. नैरोबी उंचावर आहे, तिथं धोका कमी. किसुमू व्हिक्टोरिया सरोवराकाठी, साधारण ११३० मीटरवर, आणि तिथला मलेरिया बहुतांशी फाल्सिपेरम, म्हणजे मेंदूपर्यंत जाणारा. "आपल्याकडं पण डास असतातच" हे वाक्य इथंच ठेवून जायचं.

प्रतिबंधक गोळ्यांचे तीन पर्याय डॉक्टर सांगतील. डॉक्सिसायक्लिन १०० मिग्रॅ रोज, निघण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून आणि तो भाग सोडल्यावर चार आठवडे. पूर्ण पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची, नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. हिच्यामुळं उन्हानं कातडी लवकर भाजते, तेव्हा टोपी आणि लांब बाह्या. मेफ्लोक्विन आठवड्यातून एक, पण दोन-तीन आठवडे आधी सुरू करायची, कारण भयानक स्वप्नं, बेचैनी, उदासी असा त्रास होणाऱ्यांना तो इथंच कळायला हवा. मानसिक आजाराचा इतिहास असेल तर ती नकोच. तिसरी ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल, सोसायला सोपी पण खिशाला जड. दोन वर्षं सलग घ्यायची की पावसाळ्यापुरती, हे तिथल्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. स्वतःच्या मनानं बंद करू नये.

ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासायचं. पॅरासिटामॉल घेऊन "उद्या बघू" करायचं नाही. मलेरिया निघाला तर आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिन तीन दिवसांत सहा वेळा, दुसरी मात्रा पहिलीनंतर आठ तासांनी, आणि प्रत्येक मात्रा दूध किंवा तूप-तेल असलेल्या खाण्याबरोबर. रिकाम्या पोटी घेतली तर औषध नीट शोषलं जात नाही आणि ताप उलटतो. बरं वाटलं तरी सहाही मात्रा पूर्ण.

सात_रस्ता
मला एक प्रामाणिक प्रश्न आहे, राग मानू नका. सोलापुरात विडी कामगारांच्या वस्त्या आहेत, यंत्रमाग बंद पडलेली घरं आहेत. मुलाला गणितच शिकवायचं तर इथं कमी मुलं आहेत का? आणि तिथं जाऊन लोकांचा धर्म बदलणार का?

होटगीरोड
राग कसला. इथलं काम आमची मंडळी करतेच, आणि करत राहणार. तो जातोय कारण तिथल्या मंडळीनं माणूस मागितला.

जुनी_पाने
सात_रस्ता, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आकड्यातच आहे. २०१९ च्या जनगणनेनुसार केनियात ८५ टक्क्यांहून जास्त लोक आधीच ख्रिस्ती आहेत. तिथली मंडळी आपल्यापेक्षा मोठी आणि कित्येक बाबतींत जास्त जिवंत आहे. हा मुलगा तिथं त्यांच्या हाताखाली काम करायला निघालाय.

पहिल्या प्रश्नाबद्दल थोडं अवांतर. आपल्या भागात हा प्रवास उलट्या दिशेनं झालेला आहे. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट १८१३ मध्ये मुंबईत उतरले. हॉल तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे होते. कंपनी सरकार त्यांना परत पाठवायच्या बेतात होतं, म्हणजे परमिटाचं दुखणं तेव्हापासूनचं आहे. हॉल मराठी शिकले, शाळा काढल्या, आणि १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यात पटकीनं गेले. तेव्हा कॉलऱ्याला ना लस होती ना सलाइन. गोळीपाणी यांचा प्रतिसाद म्हणूनच प्रिंट काढून मुलाच्या पाकिटात ठेवा.

दुसरी गोष्ट नारायण वामन टिळकांची. इथल्या उपासनेत परक्या चालींची भाषांतरित गीतं होती तिथं त्यांनी अभंग, ओवी, कीर्तन आणलं, आणि मराठी माणूस आपल्या सुरात गाऊ लागला. किसुमूला जाणाऱ्यानं यातून घ्यायचं ते हे की आपली गीतं शिकवायची घाई करू नये. त्यांची पंचवीस-तीस गीतं आधी पाठ करावीत. पहिले सहा महिने मागच्या बाकावर बसून गायला शिकला तरी ते काम झालंच म्हणायचं.

शब्दवेल्हाळ
जुनी_पाने +१. आणि भाषेबद्दल आनंदाची बातमी अशी की मराठी माणसाला तिथली स्वाहिली अर्धी ओळखीची वाटते. अरबी-फारसीतून आणि हिंदी महासागराच्या व्यापारातून तेच शब्द दोन्हीकडं गेलेत. दुका म्हणजे दुकान, साबुनी म्हणजे साबण, हेसाबू म्हणजे हिशेब, वाकिली म्हणजे वकील, बीमा म्हणजे विमा, रांगी म्हणजे रंग, कालामू म्हणजे कलम, दावा म्हणजे औषध, बंदारी म्हणजे बंदर, दुनिया ती दुनियाच, गारी म्हणजे मोटार, लाकी म्हणजे लाख आणि चाय म्हणजे चहा. 'हाबारी' म्हणजे खबर, आणि भेटल्यावर तेच विचारतात: काय खबर?

व्याकरण वेगळं आहे पण अतिशय शिस्तीचं. क्रियापद डब्यांसारखं जोडत जायचं. 'नि' म्हणजे मी, 'ना' वर्तमानकाळ, 'सोमा' म्हणजे वाचणं. निनासोमा, मी वाचतोय. 'ना' काढून 'ली' घातला की निलिसोमा, मी वाचलं. 'टा' घातला की निटासोमा, मी वाचेन. अवघड आहेत ते नामांचे वर्ग, कारण अनेकवचन शेवटी होत नाही, सुरुवातीला होतं. म्टू माणूस, वाटू माणसं. किटाबू पुस्तक, विटाबू पुस्तकं. रोज पाऊण तास, त्यातला निम्मा वेळ मोठ्यानं बोलून, असे तीन महिने इथंच केले तर विमानतळावर उतरल्यावर तोंड उघडेल.

पाळकांना तिथं 'म्चुंगाजी' म्हणतात. कुचुंगा म्हणजे गुरं-मेंढरं राखणं. आपला 'पाळक' तोच.

आणि घड्याळ! यात नवखा हमखास चुकतो. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात. 'सा मोजा', म्हणजे 'एक वाजता', म्हणजे सकाळचे सात. 'सा टाटू', तीन वाजता, म्हणजे नऊ. सहाचा फरक धरायचा. किसुमू विषुववृत्ताला अगदी खेटून असल्यानं वर्षभर दिवस-रात्र जवळजवळ सारखेच, म्हणून ही मोजणी तिथं चोख बसते. इंग्रजीत वेळ ठरली तर घड्याळासारखीच असते. स्वाहिलीत ठरली की "असुबुही की उसिकू", सकाळ की रात्र, असं विचारून आपल्या आकड्यात पुन्हा म्हणून खात्री करायची. मोठ्यांना 'शिकामू' म्हणायला विसरू नये.

सरोवरकाठ
शब्दवेल्हाळ, बाकी सगळं मान्य, 'शिकामू'वर थोडा मतभेद. ते टांझानियात आणि केनियाच्या किनारपट्टीवर. किसुमू हा लुओ लोकांचा मुलूख, घरात भाषा धोलुओ. तिथं म्हाताऱ्या माणसाला शिकामू म्हटलं तर हसून घेतील, पण 'एरोकामानो', म्हणजे आभार, एवढा एक धोलुओ शब्द बोललात तर खुर्ची पुढं सरकवतील. शाळेत इंग्रजी, बाजारात स्वाहिली, घरात धोलुओ. सोलापूरच्या पोराला हे नवीन नाही: घरी मराठी, पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोटकडं कन्नड.

आता मूळ प्रश्न, दिवस कसा जातो. शाळेच्या दिवसाचा साधारण आराखडा देतो.

साडेपाच-सहाला उठायचं. अंघोळ बहुधा बादलीनं. प्यायचं पाणी आदल्या रात्री उकळून ठेवायचं. खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरतं, दोन हजार मीटरच्या वर गेलं तर तीन मिनिटं. गढूळ पाणी आधी फडक्यातून गाळायचं, नाहीतर उकळूनही गाळ राहतो. न्याहारी म्हणजे दुधाचा गोड चहा आणि मंदाझी, आपल्या गुलगुल्यांच्या जातीची. शाळा सकाळी लवकर भरते. वर्गात मुलं जास्त, पुस्तकं कमी, म्हणून फळ्यावरचं अक्षर मोठं हवं आणि इंग्रजी सावकाश. आपलं इंग्रजी त्यांना पहिले पंधरा दिवस पटकन कळत नाही, त्यांचं आपल्याला कळत नाही. 'लाख' म्हटलेलं चालेल, 'कोटी' मात्र नको, तिथं मिलियन.

दुपारी उगाली. मक्याचं पीठ उकळत्या पाण्यात घालून घट्ट घोटलेला गोळा, हातानं तोडून, अंगठ्यानं खळगा करून भाजी उचलायची. भाकरी खाणाऱ्याला ही पद्धत सहज जमते. बरोबर सुकुमा विकी ही पालेभाजी, तिलापिया मासा किंवा ओमेना, म्हणजे वाळवलेले बारीक मासे, अगदी आपल्या सुकटीसारखे. तिखट जवळजवळ नसतंच.

दुपारनंतर घरभेटी. एका घरी चहा न घेता उठता येत नाही, म्हणून दिवसाला दोन घरं, फार तर तीन. हात दोन्हींनी मिळवायचा किंवा उजव्या हाताला डाव्याचा आधार द्यायचा. कामाचा विषय आधी काढायचा नाही. आधी घर, मुलं, पाऊस, शेत. ऊस बघून त्याला घरच्यासारखं वाटेल, किसुमूच्या आसपास साखर कारखान्यांचाच पट्टा आहे.

साडेसहा-पावणेसातला अंधार पडतो, एकदम पडतो. त्याच्या आत घरी. मटाटू म्हणजे तिथल्या वडाप. रात्रीच्या लांब पल्ल्याच्या मटाटूत बसायचंच नाही, आणि बोडा-बोडा मोटारसायकलवर हेल्मेटशिवाय नाही. संध्याकाळी लांब बाह्या, मोजे, डास पळवणारं मलम. मच्छरदाणी चारही बाजूंनी गादीखाली खोचायची, अंग जाळीला टेकू द्यायचं नाही, नाहीतर डास जाळीतून चावतो.

रविवारी उपासना दोन-तीन तास सहज. पाहुणा दिसला की उभं करतात आणि "मंडळीला अभिवादन करा" म्हणतात, आधी न सांगता. त्यासाठी दोन मिनिटांचं स्वाहिली बोलणं कायम तयार ठेवावं: 'ब्वाना असिफिवे', म्हणजे प्रभूची स्तुती असो, मग नाव, गाव, मंडळीचा सलाम, आणि बसायचं. लांबवायचं नाही.

तीन धोके बाहेरच्यांना ठाऊक नसतात. सरोवराच्या उथळ पाण्यात पाय घालायचे नाहीत. गोगलगायींतून आलेला बिल्हार्झियाचा जंतू कातडीतून शिरतो. गार रात्री खोलीत कोळशाची जिको, म्हणजे शेगडी, पेटती ठेवून झोपायचं नाही. धूर दिसत नाही तरी कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. आणि बाहेर वाळवलेला प्रत्येक कपडा दोन्ही बाजूंनी कडक इस्त्री करायचा. मँगो फ्लाय नावाची माशी ओलसर कपड्यावर अंडी घालते आणि अळी कातडीखाली जाते. फोडासारखं दिसतं, मध्ये बारीक छिद्र असतं. पिळायचं नाही. वरून व्हॅसलिनचा जाड थर द्यायचा, हवा कोंडली की अळी वर येते, मग चिमट्यानं अलगद काढायची.

कडक_भाकरी
बापरे, इस्त्रीचं वाचून अंगावर काटा आला. मी आपली खाऊवर लिहिते.

शेंगा चटणी न्या, पण प्लॅस्टिकच्या पिशवीत नको. केनियात ऑगस्ट २०१७ पासून प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगवर कडक बंदी आहे, दंड मोठा, तुरुंगही. सामान कापडी पिशव्यांत आणि चटणी स्टीलच्या क्लिपच्या डब्यात. विमानतळावरच्या दुकानाची पिशवीही उतरण्याआधी टाकून द्यायची. चटणी कुटण्याआधी शेंगदाणे खमंग, आतपर्यंत भाजा, लसूण कोरडा हवा, चमचा कायम कोरडा. ओलावा गेला की बुरशी आलीच. कडक भाकरी जाड कागदात गुंडाळून डब्यात उभ्या रचा. आडव्या रचल्या की चुरा होतो. झालाच तर चुराही चटणी-तेलाबरोबर छान लागतो, टाकू नये. कच्चं धान्य, बियाणं, ओला कढीपत्ता नेऊ नका, झाडांच्या मालाला तिथं परवाना लागतो. तूरडाळ, मूगडाळ, हळद किसुमूच्या भारतीय दुकानांत मिळते, त्यासाठी वजन घालवू नका.

आणि सोलापुरी चादर एक द्याच. ती काही आठवणीसाठी म्हणत नाही. नैरोबीत उतरून राहायचं झालं तर जुलैत रात्री बारा अंशांच्या आसपास जातं. स्वेटरही हवा. आफ्रिका म्हणजे ऊन, असं आपण धरून चालतो, पण आपल्या मे महिन्याइतकं किसुमूही तापत नाही.

प्रवासी_पक्षी
प्लग विसरू नका: तीन चपट्या दांड्यांचा, ब्रिटनसारखा. व्होल्टेज आपल्याइतकंच, त्यामुळं चार्जर चालतात, फक्त अडॅप्टर लागतो.

दिनक्रमाबद्दल एक सुचवतो. लॅटर-डे सेंट्स पंथात तरुण मिशनऱ्यांची पद्धत फार बांधीव आहे. मुलगे दोन वर्षं, कायम दोघं-दोघं, उठण्या-झोपण्याच्या वेळा ठरलेल्या, आणि आठवड्यातला एक दिवस धुणं, बाजार, पत्रं यांसाठी राखलेला. पूर्वी घरी फोन वर्षातून दोनदाच होता. फेब्रुवारी २०१९ पासून दर आठवड्याला करता येतो. त्यांची श्रद्धा आपल्याहून वेगळी असली तरी यातल्या दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत: एकटं कुठं न जाणं आणि आठवड्याची ठरलेली सुट्टी. मिशनरी रविवारी सुट्टीवर नसतो, म्हणून सोमवार मोकळा असं बोलावणाऱ्या मंडळीशी आधीच ठरवून घ्या. हे ठरवलं नाही की पहिल्या उत्साहात सातही दिवस कामात जातात आणि पाचव्या-सहाव्या महिन्यात पोरगं आतून रिकामं होतं.

रविवारची_शाळा
याला जोडून. घरची आठवण पहिल्या पंधरवड्यात येत नाही, तेव्हा सगळं नवं असतं. ती येते नव्याची नवलाई संपल्यावर, आणि सणाला. पहिला नाताळ, घरातलं लग्न. झोप उडणं, भाषा शिकणं सोडून देणं, दिवसभर फोनवर मराठी व्हिडिओ बघत बसणं, ही लक्षणं. त्यावर उपाय म्हणजे फोनची ठरलेली वेळ. केनिया आपल्या अडीच तास मागे आहे. सोमवारी तिथले संध्याकाळचे सात म्हणजे इथले साडेनऊ. आईनं रोज तीनदा व्हिडिओ कॉल करायचा नाही, हे आईलाही सांगावं लागेल, हळुवारपणे. आणि मंडळीतला एक समजूतदार माणूस नेमा, ज्याच्याशी तो "इथं जमत नाहीये" असं मोकळेपणी बोलू शकेल आणि ते बोलणं प्रार्थनेच्या विषयांच्या यादीत जाणार नाही.

मुलांचे फोटो पालकांच्या आणि शाळेच्या परवानगीशिवाय काढायचे-पाठवायचे नाहीत. आपल्या वार्तापत्रात फाटक्या कपड्यांतलं पोर छापून आपण देणग्या मागू नयेत. मुलाबरोबर बंद खोलीत एकट्यानं बसायचं नाही, शिकवणी असली तरी. दार उघडं, दुसरं मोठं माणूस नजरेच्या टप्प्यात.

खतावणी
पैशाची बाजू कुणी घेतली नाही, म्हणून लिहितो.

मंडळीचा ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांकडं नोंदलेला असेल. ट्रस्टच्या खात्यातून थेट केनियाला पैसे पाठवू नका. धर्मादाय संस्थेनं भारताबाहेर खर्च केलेल्या रकमेला आयकराची सूट मिळत नाही, त्यासाठी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची वेगळी मंजुरी लागते. चार वर्षांनी नोटीस आली की विश्वस्त अडचणीत. सरळ मार्ग म्हणजे घरच्यांनी आणि पाठीराख्यांनी व्यक्ती म्हणून बँकेतून पाठवणं. वर्षाला माणशी अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, आपला विषय त्याच्या आसपासही जात नाही.

मुलाचं इथलं बचत खातं तो परदेशी राहायला गेल्यावर 'एनआरओ', म्हणजे परदेशी राहणाऱ्याचं इथलं रुपयांतलं खातं, करून घ्यायचं असतं, बँकेत आधीच अर्ज द्या. सोलापूरचं सिम चालू ठेवा, आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून. बँकेचे ओटीपी त्यावरच येणार. रिचार्ज बंद पडला की नंबर दुसऱ्याला जातो आणि मग खातंच उघडत नाही.

तिथं रोजचा व्यवहार एम-पेसावर, म्हणजे मोबाइलवरून पैसे पाठवायच्या सोयीवर, २००७ पासून. पासपोर्टवर सिम नोंदवायचं, एजंटकडं रोख भरायची, पिननं पाठवायची. चुकीच्या नंबरला गेले तर तो संदेश लगेच ४५६ वर पुढं पाठवायचा. "चुकून तुमच्याकडं पैसे आले, परत करा" असा फोन आला की आधी स्वतःची शिल्लक बघायची, आलेल्या एसएमएसवर विश्वास नाही.

अंदाजपत्रक करताना भाडं, जेवण, परमिट, विमा यांच्याशिवाय परतीच्या तिकिटाची रक्कम वेगळ्या खात्यात ठेवा आणि तिला हात लावू नका. प्रवासी विमा बहुतेक १८० दिवसांपुरता असतो, दोन वर्षांना पुरत नाही. तिथला वैद्यकीय विमा घ्या आणि शिवाय विमान-रुग्णवाहिकेचं सभासदत्व; नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून एएमआरईएफ फ्लाइंग डॉक्टर्सची सेवा चालते.

जुनी_पाने
पैशावरून आठवलं. या मुलाला तिथं गोरा मिशनरी समजणार नाहीत, 'म्हिंदी' समजतील, म्हणजे भारतीय. आणि म्हिंदी म्हणजे दुकानदार, मालक, पैसेवाला. १८९६ ते १९०१ मध्ये युगांडा रेल्वे बांधायला सुमारे बत्तीस हजार भारतीय मजूर नेले, अडीच हजारांच्या आसपास तिथंच मेले. किसुमू हे त्या मार्गाचं सरोवराकाठचं टोक, तेव्हाचं पोर्ट फ्लॉरेन्स. मागोमाग व्यापारी आले. २०१७ मध्ये सरकारनं तिथल्या आशियाई समाजाला देशाची ४४ वी जमात म्हणून मान्यता दिली, तरी मालक-नोकर नात्याची जुनी अढी कुठं कुठं आहेच. तेव्हा त्यानं राहायचं कुठं, याला महत्त्व आहे. भारतीय वस्तीत सुरक्षित खोली आणि डाळभात मिळेल, पण भाषा येणार नाही. निदान पहिले तीन महिने मंडळीतल्या कुटुंबात राहावं.

सरोवरकाठ
अगदी बरोबर. आणि म्हिंदी म्हणून पैसे मागणारे येणारच: शाळेची फी, दवाखाना, अंत्यविधी. खोटं मागतात असं नाही, गरज खरी असते. पण एकट्यानं गुपचूप देणं सुरू झालं की आठवड्यात दारात रांग, आणि पाळकांचा शब्द हलका पडतो. मागणी मंडळीच्या समितीकडं न्यायची. सार्वजनिक वर्गणीला 'हारांबे' म्हणतात, त्यासाठी महिन्याची छोटी ठरलेली रक्कम बाजूला ठेवावी आणि ती उघडपणे द्यावी. उसने कुणालाच नाही.

सात_रस्ता
हे सगळं वाचून माझा प्रश्न थोडा बदललाय. एवढं शिकून तो परत आला की त्याला सोलापुरातल्या त्या वस्त्यांत आणा. गणिताचा वर्ग मी जागा देऊन चालवायला तयार आहे.

होटगीरोड
सात_रस्ता, शब्द धरून ठेवतो! त्याला आज धागा दाखवला. परमिटाचे तीन प्रश्न लगेच पाठवले, ट्रस्टच्या खात्यावरून पाठवायचं आम्ही ठरवलं होतं ते रद्द केलं. लशीसाठी उद्या फोन. आईनं भाकऱ्या उभ्या रचायच्या हे दोनदा वाचलं.

दोन शंका. परत आल्यावर मलेरियाची काळजी कधी संपते? आणि वीज नसेल त्या दिवशी इस्त्रीचं काय?

गोळीपाणी
परतल्यावर वर्षभर. सोलापुरात ताप आला तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट न बघता "मी केनियातून आलोय" हे पहिलं वाक्य. इथं डेंग्यू समजून दोन दिवस जातात, तेवढे फाल्सिपेरमला पुरतात.

सरोवरकाठ
कोळशाची इस्त्री बाजारात सर्रास मिळते, एक घेऊन ठेवायची. तीही जमली नाही तर कपडे घरात, बंद खिडकीआड वाळवायचे. बाहेर वाळलेले असतील तर दोन आठवडे न घालता बाजूला ठेवायचे, तोवर अळी मरते. इस्त्री करताना कॉलर, शिवणी आणि आतल्या कपड्यांचं इलॅस्टिक सोडू नये. माशी अंडी तिथंच घालते, आणि माणूस इलॅस्टिक वितळेल म्हणून नेमकं तेवढंच सोडतो. वर सुती फडकं ठेवून दाबलं की वितळत नाही.